सुतकातल्या कैऱ्या

निर्मलाबाईंच्या लोणच्याला बुरशी आली असं त्या गावात कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. प्रकाशा या तीर्थाच्या गावाच्या अलीकडे, तापीच्या काठी, दोन-अडीचशे उंबऱ्यांचं गाव. तिथे कैरीचं लोणचं म्हणजे निर्मलाबाई, यात दुसरं मत नव्हतं. बाईंना त्याचा ताठाही होता, उगाच खोटं कशाला बोला. दुसऱ्याच्या पंगतीला बसल्या की फोड दाताखाली धरायच्या, आणि ती कुरकुरली नाही की एक शब्द न बोलता ताटाच्या कडेला सरकवून ठेवायच्या. वाढणाऱ्या बाईला ते शिवीपेक्षा जास्त लागायचं.

आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात याच निर्मलाबाई माजघरात उघड्या बरणीपुढे उकिडव्या बसल्या होत्या. तेल फुटलं होतं, खाली बोटभर पाणी, वर पांढरी लव. त्यांनी चमच्यानं एक फोड काढली आणि चिमटीत दाबली. फोड उकडलेल्या बटाट्यागत पिचली. शेजारी नवी सून कामिनी उभी होती, लग्नाला सहा महिने झालेली, शहाद्याच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. तीही वाकून बघत होती.

आता नेमकी हीच वेळ साधून वरच्या घरच्या सरलाबाई आल्या. सरलाबाई म्हणजे निर्मलाबाईंची थोरली जाऊ. वयानं सहा-सात वर्षांनी मोठी, आणि भाऊबंदकीत कुणी काय करावं, काय करू नये, हे त्यांना विचारल्याशिवाय पान हलत नसे.

"हाई काय व्हयनं, निर्मला?" त्या दारातूनच म्हणाल्या.

निर्मलाबाईंनी बरणी झाकायचा प्रयत्न केला. पण वास कुठे झाकता येतो.

"मसाला कालवाले कोण कोण व्हतं?" सरलाबाईंनी विचारलं.

"मी होते," कामिनी म्हणाली. "आईंच्या बरोबरीनं मीच कालवला. आणि माझी पाळी होती त्या दिवशी."

निर्मलाबाईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. सुनेनं त्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन घेतलं नव्हतं, एवढं सासूच्या डोळ्याला दिसतंच. पण माणसं होती कमी, मसाला होता परातभर, म्हणून त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं होतं. आता ही शहाणी आपल्या तोंडानं सांगून मोकळी झाली.

सरलाबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "अडचणमा हात लावा, आनि तुम्ही बरणीले दोष दी ऱ्हायनात. श्रावणमा कानबाई बसई, तवय रोटना दळणले हिना हात लागाले नको. मी आतेच सांगी ठेवस." एवढं बोलून, ज्यासाठी आल्या होत्या ते विसरून, त्या तशाच परत गेल्या.

कानबाई म्हणजे श्रावणात घरी बसवायची देवी, आणि तिचे रोट म्हणजे भाऊबंदकीतल्या सगळ्या घरांच्या गव्हाचा नैवेद्य. दळण करायला, रांधायला साऱ्या सुना एका ओळीत बसतात. नव्या सुनेचं पहिलं वर्ष म्हणजे तिला सगळ्यांसमोर घरातली म्हणायचं वर्ष. त्या ओळीतून उठवलेली सून मग जन्मभर ज्याच्या-त्याच्या तोंडी राहते.

संध्याकाळी कामिनीनं कपाटावरची बॅग खाली काढली. रडली नाही, भांडली नाही. "आई, सगळ्यांसमोर मला बाजूला बसवणार असाल तर मी कानबाईच्या आधी माहेरी जाते," ती म्हणाली. "आणि परत येईन असं आज तरी मला सांगता येत नाही." निर्मलाबाईंचा मुलगा नवनीत मोबाइलकडे बघत खांबासारखा उभा. बाईंना तिघांचाही राग आला. जावेचा, सुनेचा, आणि सगळ्यात जास्त त्या खांबाचा.

राग एकीकडे आणि डोक्यातला भुंगा एकीकडे. निर्मलाबाईंचा स्वभाव असा की गोष्ट का झाली हे कळल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. सकाळी चहा टाकता टाकता त्यांनीच विषय काढला. घरात सगळे अहिराणी बोलत, पण शिकलेल्या सुनेशी त्या आवर्जून शाळेतलं मराठी बोलायच्या. दहावी पास होत्या, ते कुणी विसरू नये म्हणून.

"तुला काय वाटतं, कशानं नासलं असेल?"

"बर्फानं," कामिनी म्हणाली. रात्रभर तीही तोच विचार करत असावी, इतकं ते उत्तर तयार होतं.

बर्फाची गोष्ट अशी. मे महिन्यात शहाद्याच्या बाजारातून पंधरा किलो कैरी फोडून आणली. पोतं ओसरीवर टेकलं न टेकलं तोच निरोप आला की भाऊबंदकीतले चुनीलाल आबा गेले. सुतक पडलं. सुतकात लोणच्याला मीठ लावायचं नसतं. पापड नाही, लोणचं नाही, काही नाही. फोडलेली कैरी बारा दिवस कुठे ठेवायची? नवनीतचं गावात किराणा दुकान, तिथे आइस्क्रीमचा मोठा फ्रीज. तो म्हणाला, "टाकू फ्रीजमध्ये. बारा दिवस काय, बारा महिने टिकतील." सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. सुतक फिटलं, कैऱ्या बाहेर काढल्या, पंचावर वाळवल्या, नेहमीच्या मापानं मीठ-मसाला घातला. माप निर्मलाबाईंच्या हातात बसलेलं. त्यात गुंजभर फरक होणं शक्य नव्हतं.

"बर्फात टाकलेली वस्तू टिकते, बाई," निर्मलाबाई म्हणाल्या. "नवनीतच्या दुकानात मटार वर्ष वर्ष पडलेले असतात."

"ते आपण शिजवतो म्हणून कळत नाही. कच्चे खाऊन बघितलेत कधी?"

निर्मलाबाई तशाच पदर खोचून दुकानात गेल्या, मटारचं पाकीट घेऊन आल्या आणि मूठभर दाणे ताटलीत टाकून बसल्या. बर्फ सुटेपर्यंत दोन वेळा चहा झाला. मग त्यांनी एक दाणा चावला. शेंगेतून सोलून खाल्लेला दाणा कसा टचकन फुटतो. हा नुसता दबला, आणि ताटलीत हिरवट पाणी सुटलं होतं ते वेगळंच. बाईंनी आणखी चार दाणे खाऊन पाहिले.

"बरं," त्या म्हणाल्या. "का पण?"

हा "का पण" ऐकून कामिनीचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. तिनं मसाल्याचा डबा पुढ्यात ओढला. "कैरीची एक फोड म्हणजे लाखो बारीक खोल्या, आई. पेशी म्हणतात त्यांना. प्रत्येक खोलीला बाहेरून कडक भिंत. ती आकार धरते. पण भिंतीच्या आतून एक पापुद्रा असतो, तो खरा कारभारी. काय आत घ्यायचं, काय बाहेर सोडायचं, ते तो ठरवतो. पेशीपटल."

"जाड केवढा?"

"तुमच्या एका केसाच्या जाडीत दहा हजार पापुद्रे एकावर एक मावतील."

निर्मलाबाईंनी नकळत कानामागची बट बोटांत धरून पाहिली. "इतका पातळ आणि कारभार करतो. कशाचा बनलेला असतो?"

कामिनीनं डब्यातल्या लवंगा काढल्या आणि पाटावर ओळीनं मांडल्या, बोंडं वर, देठ खाली. त्यांच्या खाली दुसरी ओळ, उलटी. देठाला देठ, बोंडं खाली. "तेलातुपाच्या जातीचे कण असतात. हे बोंड पाण्याकडे ओढ घेतं. देठ पाण्यापासून पळतात, खरं म्हणजे प्रत्येकाला दोन देठ असतात. पेशीच्या आत पाणी, बाहेरही पाणी. मग हे कण आपोआप असे उभे राहतात. दोन्हीकडे बोंडं पाण्याला, देठ मध्ये लपलेले. कुणी मांडावे लागत नाहीत."

"मग पाण्यात विरघळणारी वस्तू मधल्या देठांतून जाणारच नाही."

कामिनीनं मान वर करून सासूकडे बघितलं. कॉलेजात सर नेमका यावरच प्रश्न विचारायचे, आणि सगळा वर्ग गप्प बसायचा. "नाही जात. साखर, मीठ, आंबटपणा, सगळं अडतं. पाणी तेवढं हळूहळू जातं-येतं. बाकीच्यांसाठी दरवाजे आहेत." तिनं ओळीत मध्येच दोन वेलदोडे खुपसले. "ही प्रथिनं. कुणी फक्त पाण्याला वाट देतं, कुणी साखरेला, कुणी मीठ ताकदीनं बाहेर फेकतं. आणि हे सगळं गच्च बसवलेलं नसतं. लवंगा सतत इकडे-तिकडे सरकत असतात, वेलदोडे त्यांत तरंगत असतात. बारीकसं भोक पडलं तर आपलं आपण जुळतं."

"मीठ लावल्यावरही कैरीला पाणी सुटतंच की," बाईंनी मुद्दा पकडला. त्यांना आता सोडायचं नव्हतं. "मग मिठात आणि बर्फात फरक काय?"

"मीठ बाहेरून पाणी ओढून घेतं. पापुद्रा शाबूत असतो, फक्त पाणी सोडतो, बाकी ऐवज बराच काळ आतच धरून ठेवतो. हळूहळू फोड आवळते, घट्ट होते. बर्फाचं तसं नाही. आतलं पाणी गोठताना फुगतं, त्याचे टोकदार खडे होतात, आणि ते पापुद्रा शंभर ठिकाणी फाडतात. भिंतीही तडकतात. एवढं फाटलेलं मग जुळत नाही. बर्फ वितळला की आत होतं-नव्हतं ते सगळं बाहेर."

निर्मलाबाईंनी ओळीतली एक लवंग बोटानं बाहेर ढकलून पाहिली. मग त्यांच्या तोंडून अहिराणीच निघालं. "म्हंजे मीठ मन्हा मापनं पडनं, आनि पानी मापबाहेर निंघनं."

"हो. मीठ कमी पडलं. पातळ खारात बुरशीला आयतंच फावलं."

ऐकायला छान होतं. पण निर्मलाबाई कुणी सांगितलं म्हणून मान डोलावणाऱ्यांतल्या नव्हत्या, मग सांगणारी सून का असेना. कामिनीलाही ते कळलं असावं. तिनं बिटाच्या चकत्या केल्या, निम्म्या घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात टाकल्या. दुसऱ्या दिवशी दोन पेल्यांत पाणी घेतलं. ताजी चकती पेल्यात पडताच पाणी थोडं गुलाबी झालं, तशा बाई लगेच म्हणाल्या, "हिचंही सुटतंच की." कामिनी म्हणाली, "सुरीनं कापलेल्या पेशींचं आहे ते, धुऊन घ्या." तीन पाण्यांनी धुतल्यावर ताज्या चकतीचं पाणी स्वच्छ राहिलं. बर्फातल्या चकतीला सात पाणी झाली तरी लाल गळतच होती. निर्मलाबाईंनी आठवं पाणीही करून पाहिलं. दुपारच्या स्वयंपाकाला त्या दिवशी उशीर झाला आणि त्यांचे यजमान हेमकांतराव वावरातून येऊन दोन पेल्यांकडे बघत मुकाट्यानं बसून राहिले.

"पण हे बीट झालं," संध्याकाळी निर्मलाबाई म्हणाल्या. "सरला अक्काला बीट दाखवून काय उपयोग. ती म्हणेल, बर्फानंही नासतं आणि हातानंही नासतं."

हे खरंच होतं. कामिनीनं दोन्ही पेले मोरीत रिकामे केले.

"चार बरण्या घालू," निर्मलाबाई म्हणाल्या. "वावरातल्या उशिराच्या आंब्याला अजून कैऱ्या आहेत. एकाच झाडाच्या घेऊ. दोन बरण्यांना ताजी कैरी, दोनांना फ्रीजमधली. एक ताजी नि एक गोठलेली मी कालवणार, एक ताजी नि एक गोठलेली तू. तुझ्या त्याच दिवसांत. मीठ, मसाला, तेल मी मोजून देणार. वीस दिवस कुणी झाकणाला हात लावायचा नाही."

कामिनीला हसू आलं आणि मग एकदम थांबलं. "आणि माझ्या हातची ताजी बरणी नासली तर?"

निर्मलाबाईंना त्याचं उत्तर ठाऊक होतं. नासली तर सरलाबाई खऱ्या, सून माहेरी, आणि बरण्या मांडायची अक्कल आपलीच. "तर नासली," त्या म्हणाल्या. "तुला भीती वाटते का?"

"नाही."

"मला वाटते," निर्मलाबाई म्हणाल्या.

जुलैच्या पहिल्या तारखेला चार बरण्या बसल्या. गोठलेल्यांना लाल फडकं, ताज्यांना पांढरं, कामिनीच्या हातच्यांच्या दोरीला दोन गाठी. मसाला कालवताना कामिनीचे हात मनगटापर्यंत तेल-तिखटात बुडालेले, आणि निर्मलाबाई समोर बसून त्या हातांकडे बघत होत्या. बघता बघता त्यांनी एकदम सांगायला सुरुवात केली, कुणी विचारलं नसताना.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. याच घरात सासूबाईंच्या दोन मोठ्या बरण्या नासल्या. सासूबाईंनी विचारलं, त्या आठवड्यात बाजूला कोण बसलं होतं? निर्मला बसली होती, मागच्या पडवीत, बरणीपासून वीस हात लांब. हात लावलाच नव्हता. मग सासूबाई म्हणाल्या, सावली पडली असेल. झालं. पुढे आठ वर्षं निर्मलाला लोणच्याच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. कैऱ्या धुवायच्या, पुसायच्या आणि उंबऱ्याबाहेरून आत द्यायच्या. उंबऱ्याबाहेर बसून त्या बघायच्या, किती मीठ, कधी तेल, किती वेळ पंचावर. सासूबाई गेल्यावर पहिली बरणी घातली, ती अजिबात नासली नाही. पण तरीही दर महिन्याचे चार दिवस, पाळी जाईपर्यंत, त्यांनी स्वतःच लोणच्याकडे पाठ केली.

"तुम्हाला खरं वाटलं होतं?" कामिनीनं विचारलं. "सावलीचं?"

"वीस-एकवीस वर्षांची होते. सगळं घर म्हणत होतं. मीच मग आठवून बघायला लागले, की ऊन कोणीकडून होतं, सावली कुठवर गेली असेल." बाईंनी तेलाचं भांडं पुसलं. "त्या बरण्या कशानं नासल्या गं? तेव्हा तर फ्रीज नव्हता."

कैरी पिकायला आलेली होती का, मीठ ओलं होतं का, बरणी नीट वाळली होती का, कामिनी एकेक विचारत गेली. निर्मलाबाईंना काहीच सांगता येईना. त्या दिवसांत त्या तर मागच्या पडवीत होत्या.

"मग नाही सांगता येणार," कामिनी म्हणाली.

वीस दिवस म्हणजे वीस युगं. निर्मलाबाई दिवसातून पाचदा माजघरात जायच्या, फडक्यांच्या गाठी बघायच्या आणि हात मागे बांधून परत यायच्या. एकदा वास घ्यायला वाकल्या, तर मागून कामिनी म्हणाली, "आई, झाकण." बाई चिडल्या, पण वरमल्याही. एक मात्र झालं. बॅग अजून परत कपाटावर गेली नव्हती, पण तिच्यातली दोन-तीन पुस्तकं बाहेर आली होती आणि दुपारी भांडी झाली की सासू त्यांतली चित्रं बघायची. आपल्या अंगातही हेच पापुद्रे आहेत, रक्तात, मेंदूत, जिभेत, हे कळल्यावर त्यांनी दोन दिवस प्रश्नांनी सुनेचं डोकं खाल्लं. तिखट लागतं तेही पापुद्र्यातल्या एका दरवाजामुळेच, मिरचीनं तो उघडला की जिभेला चटका बसल्यासारखं वाटतं, हे ऐकून तर त्या कितीतरी वेळ स्वतःशीच मान हलवत होत्या.

एकविसाव्या दिवशी सकाळी आंघोळ करून, कोरडे हात करून त्यांनी झाकणं उघडली. पहिली लाल फडक्याची, स्वतःच्या हातची. वर पांढरी लव, खाली पाणी, फोड पिचपिचीत. दुसरी लाल, दोन गाठींची. तशीच. तिसरी पांढरी, स्वतःच्या हातची. तेल वर स्वच्छ, फोड करकरीत. चौथीवर त्यांचा हात थांबला. कामिनी भिंतीला टेकून उभी होती.

"उघडा," ती म्हणाली.

निर्मलाबाईंनी उघडली, फोड तोंडात टाकली. आणि जो आवाज झाला तो खोलीच्या दारात उभ्या असलेल्या नवनीतनंही ऐकला. बाई चावत राहिल्या, आणखी एक खाल्ली, मग आणखी एक. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते तिखटामुळे नव्हतं. त्यांनी सुनेला जवळ ओढलं, लोणच्याच्या हातानंच.

दुपारी निरोप पाठवून त्यांनी सरलाबाईंना बोलावलं. कानबाई दहा दिवसांवर आली होती. चार वाट्या मांडल्या. कुठली कुणाच्या हातची हे लपवून जावेची गंमत करावी असं त्यांच्या मनात आलंही होतं, पण त्यांनी तसं केलं नाही. सरळ सांगितलं. ही बर्फातली, माझी. ही बर्फातली, हिची. ही ताजी, माझी. ही ताजी, हिची, त्याच दिवसांत कालवलेली.

सरलाबाईंनी आधी पिचकी फोड पाहिली. मग ताजी, निर्मलाबाईंची, खाल्ली. मग कामिनीची वाटी पुढे ओढली आणि त्या फोडींकडे बघतच राहिल्या.

"त्याच दिवसमा?"

"त्याच दिवसांत, अक्का. मी समोर बसले होते."

सरलाबाईंनी फोड उचलली. कुरकुर ऐकू आली. त्यांनी ती गिळली आणि दुसरी उचलली, मग तिसरी. निर्मलाबाई वाद घालायच्या तयारीनं बसल्या होत्या. बिटाच्या चकत्यासुद्धा कापून ठेवल्या होत्या. पण सरलाबाई वादाला आल्याच नाहीत. त्यांचा चेहरा उतरत गेला, अगदी उतरत गेला.

"मंग त्या सालनं?" त्या म्हणाल्या. "सासूबाईसन्या दोन बरण्या. त्या मन्हाघाई नही बिघडन्यात?"

"तुझ्यामुळे?" निर्मलाबाईंना काही उमगेना. "बाजूला तर मी बसले होते."

"तू पडवीमा व्हती. बरणीले हात मी लावा व्हता." सरलाबाई जमिनीकडे बघत बोलत होत्या. "मीबी अडचणमाच व्हतू. सासूबाईसले सांगानी हिंमत व्हयनी नही. मंग तुन्हावर पडनं, आनि मी गप बसनू. तवयपशी मी हाईच समजत ऱ्हायनू, का मी घरनं नासाडं, आनि पाप तुन्हा माथे टाकं."

निर्मलाबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. आठ वर्षं उंबऱ्याबाहेर. ऊन कोणीकडून होतं ते आठवण्यात गेलेल्या त्या सगळ्या दुपारी. आणि ही बाई आत बसून मीठ मोजत होती. आत बसून, घाबरत, मीठ मोजत होती.

"अक्का, मले राग येल शे," त्या म्हणाल्या. "भलता राग येल शे."

"येवालेच पाहिजे," सरलाबाई म्हणाल्या. मग त्यांनी मान वळवून कामिनीकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट. "रोटना दळणले पहिली मूठ तू टाकजो, पोरी. कोनी काही बोलनं तर मन्हं नाव सांगजो." आणि जरा थांबून, एखाद्या लहान मुलीनं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मंग त्या बरण्या कसाघाई बिघडन्यात?"

कामिनी त्यांच्यासमोर खाली बसली. "इतक्या वर्षांनी ते नाही सांगता येणार, मोठ्या आई," ती म्हणाली. "कशानं नाही नासल्या, तेवढं सांगता येतं. तुमच्या हातानं नाही, आणि आईंच्या सावलीनं नाही."

सरलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि मग तो काढलाच नाही. निर्मलाबाई उठून आत गेल्या. राग तसाच्या तसा होता, तो काही एका दुपारीत जाणारा नव्हता. त्यांनी माठातलं पाणी तांब्यात ओतलं आणि आणून जावेच्या पुढ्यात ठेवलं.